बेगमीच्या डब्यातल्या अठ्ठेचाळीस गोळ्या

१

रिकामा डबा खुळखुळत नाही. एवढी साधी गोष्ट, पण ती सगळ्यांत आधी माझ्या लक्षात आली याचा मला त्या क्षणी केवढा गर्व वाटला होता! आता तो गर्व आठवायलाही नको वाटतो.

पंचवीस सप्टेंबर, गुरुवार, नवरात्र. मी शाळेतून थेट दीपिकाताईच्या सासरी गेले होते. माझी थोरली बहीण दातिवऱ्यातच दिलेली, आमच्या घरापासून दोन आळ्या सोडून. तिचा दीड वर्षाचा भाग्येश मचाणाखालून सुकटीचा पत्र्याचा डबा ओढून ढोल बडवत होता. आणि डबा आतून खुळखुळत होता.

"मावशी, डबा रिकामा आहे ना?"

"रिकामाच हाय," ताईची सासू लाडकीमावशी म्हणाली. "वाजवू दे त्याला."

मी झाकण काढलं. तळाशी पांढऱ्या, मुगाच्या दाण्याएवढ्या गोळ्या. मी त्या झोपेतसुद्धा ओळखल्या असत्या. जानेवारीपासून रोज पहाटे मीच त्या ताईला देत होते!

त्याचं असं. ताईच्या रक्तात थायरॉइडचा आकडा, टीएसएच, भयंकर चढलेला. चारच्या आत हवा, तो ऐंशीच्या घरात. गोळ्या सुरू झाल्या, वाढल्या, पण आकडा ढिम्म. सफाळ्याचे डॉक्टर म्हणाले, "ही बाई गोळ्या घेत नाही." घरातल्या बायका पहाटे बंदरावर मासळीच्या लिलावाला जाणार, मग ताईवर लक्ष कोण ठेवणार? मी! मोबाइलमध्ये पावणेसहाचा गजर लावला, त्याला नाव दिलं 'ताईची गोळी'. रोज जायचं, गोळी द्यायची, पाणी द्यायचं आणि म्हणायचं, "आ कर." ताई मला हवालदार म्हणायची. ती घरी असेल तेव्हा मी एक दिवस खाडा होऊ दिला नाही. मे महिन्यात तिला पुन्हा दिवस गेले, सकाळी ओकायची, तरीसुद्धा नाही.

जुलैत चौथ्या महिन्यात ते बाळ गेलं.

आणि आता या गोळ्या.

"मावशी!" मी ओरडले. हो, मीच ओरडले. "ताईने गोळ्या लपवल्यात!"

लाडकीमावशीने डब्यात पाहिलं. मग चुलीपाशी उभ्या असलेल्या ताईकडे. "म्हंजे डाक्तर खरं बोलत व्हता," ती हळू म्हणाली. "पोटातला जीव तूच घालवलास गो. जा तुझ्या आयशीकडं. पोरगा हितंच राहील. तुझ्या हातात मी आता मांजराचं पिल्लूपण देनार नाय."

ताई रडली नाही. भाग्येशच्या डोक्यावरून हात फिरवला आणि माझ्याजवळून जाताना एवढंच म्हणाली, "अजून दोन दिवस थांबली असतीस, उने."

२

दोन दिवस? कशासाठी?

ताई सांगेना. आमच्या घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडली. निमेशभाऊजी बोटीवर, आणखी आठवडाभर येणार नव्हते. दोन आळ्यांपलीकडून भाग्येशचं रडणं ऐकू यायचं आणि ताई उशी कानावर दाबायची.

मी गोळ्या कागदावर ओतून मोजल्या. अठ्ठेचाळीस.

इथे माझ्याबद्दल एक सांगते. गेल्या वर्षीपर्यंत वर्गात हात वर करायला मला घाम फुटायचा. यंदा दहावीत विज्ञान प्रदर्शनात मी तालुक्यापुढे माईकवर बोलले, आणि तेव्हापासून जगातलं प्रत्येक कोडं आपल्यासाठीच ठेवलंय असं मला वाटायला लागलं. म्हणून नवी वही काढली. पहिल्या पानावर लिहिलं: ताईने गोळ्या कधीपासून लपवल्या?

"आई, या डब्यात गेल्या वर्षापासूनच्या पण असू शकतील ना?"

आई, म्हणजे आमची हिरा, भांडी घासता घासता वैतागली. "डोकं हाय का तुला? बेगमीचा डबा तो. मे महिन्यात सुकट भरतात, पावसात खातात. नारळी पुनवेला डबा घासून उन्हात घालायचा. मंग दिवाळीनंतर नवी सुकट. पुनवेच्या आधीचं त्यात काय राहील? लाडकी तर राखेनं घासते, तिला वास खपत नाय."

आई बोलून मोकळी झाली. मी मात्र कॅलेंडरवर झडप घातली.

नारळी पौर्णिमा आठ ऑगस्टला झाली. नऊ ऑगस्टपासून पंचवीस सप्टेंबरपर्यंत दिवस मोजले. तेवीस आणि पंचवीस.

अठ्ठेचाळीस!

रोज एक. नऊ ऑगस्टपासून. आधीच्या असत्या तर डबा घासताना मावशीला दिसल्या असत्या. बाळ तर जुलैतच गेलं होतं. अख्खा गाव सुकट खातो, प्रत्येक घरात तो डबा आहे, आणि एकालाही हे सुचलं नाही. मलासुद्धा नाही.

म्हणजे बाळ असताना ताई गोळ्या घेत होती. मग जूनच्या रिपोर्टमध्ये आकडा चौऱ्याऐंशी कसा?

३

पहिली साक्ष सफाळ्याच्या औषधवाल्या पंढरीकाकांची. ताईच्या गोळ्यांची शंभराची बाटली ते द्यायचे.

"काका, ताई बाटल्या वेळेवर न्यायची का? की उशिरा?"

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "न घेणाऱ्याची बाटली लवकर संपते का गो? तुझ्या बहिणीची मे-जूनमध्ये तर भराभर संपली. शंभर गोळ्या तीन महिने पुरायला हव्यात. ही दोन महिने व्हायच्या आत नवीन घेऊन गेली. मी म्हटलंसुद्धा, काय पोराला चणे म्हणून देता काय?"

ताईच्या बाजूने केवढा मोठा पुरावा! कुठल्याही गुप्तहेराने उडी मारली असती.

मी मारली नाही. पंढरीकाकांची साक्ष मी वहीत लिहिलीच नाही. पान कोरं ठेवून पुढे गेले.

४

ताईचं रक्त तपासणाऱ्या बोईसरच्या लॅबमध्ये काउंटरवरचा माणूस माझ्या गणवेशाकडे बघून हसला. "क्या हुआ बेटा, प्रोजेक्ट है?"

"माझ्या बहिणीचे रिपोर्ट खोटे आहेत," मी म्हणाले. आवाज जरा जास्तच मोठा निघाला. रांगेतले लोक वळले.

"अरे, मशीन झूठ नहीं बोलता, मैडम!"

आतून पांढरा कोट घातलेले एक काका आले. कैलास, तिथले तंत्रज्ञ, राहणारे माकुणसारचे. दातिवऱ्याची म्हटल्यावर आत घेऊन गेले. मी चार रिपोर्ट टेबलावर पत्त्यांसारखे मांडले. ८२. ७९. ८४. ८१.

"पहिला गोळ्या सुरू व्हायच्या आधीचा. मधले दोन गोळ्या घेत असतानाचे. शेवटचा, बावीस सप्टेंबरचा, गोळ्या बंद असतानाचा," मी म्हणाले.

"नमुन्यांची अदलाबदल नाय झाली. चौऱ्याऐंशी आला तेव्हा मी स्वतः दुसऱ्यांदा लावला होता. परत तेवढाच." त्यांनी चारही कागदांवरून बोट फिरवलं. "पण हे बघ. गोळी घेतली तरी तेवढाच, नाय घेतली तरी तेवढाच. आकड्याला गोळीचं काही पडलेलंच नाय."

मग त्यांनी उलट मलाच प्रश्न विचारले. ताईला थंडी वाजते? अंग सुजलंय? दिवसभर झोप येते?

"नाही हो! ती मासळीची पाटी डोक्यावर घेऊन सफाळ्याच्या बाजारात जायची. उलट तिला घाम फुटायचा, हात थरथरायचे. रात्री म्हणायची, छातीत इंजिन चालू आहे."

"डॉक्टरांना सांगितलं?"

"ते म्हणाले, अशक्तपणा."

कैलासकाकांनी एकेक बोट मोडलं. "घाम, थरथर, धडधड. गोळी कमी पडल्यावर असं होत नाय, पोरी. जास्त झाल्यावर होतं." मग एकदम विचारलं, "तिचा आकडा चढलाय हे कळलं कसं? कुणी सांगितलं म्हणून तपासला?"

मला आठवलं.

"भाग्येशमुळे. तो जन्मला तेव्हा टाचेतून रक्त घेतलं होतं. त्याचाही आकडा चढलेला होता."

५

भाग्येशची फाइल लाडकीमावशीच्या पेटीत. म्हणजे वाघिणीच्या गुहेत जायचं होतं.

ती दारात कोळंबी सोलत बसली होती. भाग्येश तिच्या पाठीला चिकटलेला. मला बघून तो धावत आला आणि माझ्या मागे, रस्त्यावर बघत राहिला. ताई दिसली नाही तेव्हा त्याने माझ्या दप्तरामागे जाऊन पाहिलं.

"आई नाय आली," मावशी त्याला म्हणाली. मग मला, "तू कशाला आलीस? हवालदारीन."

"फाइल हवी होती. याची."

"आता याच्यात काय काढतेस? मी काय वैरीन हाय तिची? माझा पहिला पोरगा सहा महिन्यांचा गेला गो. तवा मलापन लोक असंच बोललेले. मी म्हनलं, मी तर सगळं केलं व्हतं." तिने कोळंबीचं डोकं मुरगळलं. "हिनं तर केलंपन नाय."

"केलं होतं, मावशी. डबा तुम्ही कधी घासला?"

"पुनवेला."

"मग? गोळ्या अठ्ठेचाळीस होत्या."

तिचे हात थांबले. ओठ हलले, ती मनात दिवस मोजत होती. बराच वेळ मोजत राहिली. मग उठली, आत गेली, पेटी उघडल्याचा आवाज आला. फाइल माझ्या मांडीवर टाकताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

जन्मल्यावर ६४. तीन महिन्यांनी ३०. आठ महिन्यांनी ३. खाली शेरा: 'थायरॉइड ग्रंथीचं काम पहिल्यापासून व्यवस्थित. औषध दिलेलं नाही.'

औषध नाही, काही नाही, आणि आकडा आपोआप उतरला. आईकडून बाळाला मिळतं आणि काही महिन्यांत विरून जातं असं काय असतं?

याचं उत्तर माझ्या विज्ञानाच्या सरांनी फळ्यावर लिहिलं होतं!

६

पालघरला थायरॉइडच्या मोठ्या डॉक्टर मॅडम आहेत. मी ताईला अक्षरशः ओढत नेलं. तिने वाटेत एकच वाक्य उच्चारलं, "आता कशाला?"

मॅडमनी रिपोर्ट पाहिले, फाइल पाहिली. मला राहवेना. "अँटिबॉडी!" मी म्हणाले. "आईच्या रक्तातून बाळाला मिळतात आणि मग संपतात. त्यांनीच काहीतरी केलंय ना?"

मॅडम माझ्याकडे बघतच राहिल्या. मग ताईकडे वळल्या. "मला आधी तुझ्याकडून ऐकायचंय. गोळ्या का थांबवल्यास?"

एवढ्या महिन्यांत हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. मीसुद्धा नाही.

ताईने पदर बोटाला गुंडाळला. "बाळ गेलं तेव्हा मी हॉस्पिटलात चार दिवस होते. तिथं गोळी द्यायची राहिली. चौथ्या दिवशी धडधड जरा कमी झाली. घरी आले, गोळी परत, धडधड परत. सांगितलं तर कुनी ऐकेना. म्हनलं, आपनच बघू. पुनवेला डबा रिकामा झाला. हिने गोळी दिली की गालात ठेवायची, ही दप्तर उचलायला वळली की डब्यात. एक दिवस, एक गोळी. फेकल्या असत्या तर मी किती दिवस बंद केल्या ते कुनाला पटलं असतं? म्हनलं, रिपोर्ट येऊ दे. आकडा तेवढाच आला तर शनिवारी डाक्तरपुढे सगळ्या ओतते."

शनिवार. सत्तावीस तारीख. डबा वाजला गुरुवारी.

गुप्तहेर मी नव्हतेच. बारावीपर्यंत शिकलेली माझी ताई एकटीने, कुणाला न सांगता, पुरावा गोळा करत बसली होती. आणि तिचा पुरावा मीच तिचा गुन्हा म्हणून उधळला.

मॅडमनी रक्त घेऊन मुंबईला पाठवलं. दहा दिवस लागणार होते. तोवर गोळ्या बंदच ठेवायच्या, पण हे मात्र त्यांच्या देखरेखीखाली. "आणि धडधडलं तर माझ्याकडे यायचं. डब्याकडे नाही."

ताई किंचित हसली. जुलैनंतर पहिल्यांदा.

७

कोड्याचा उलगडा मी लाडकीमावशीच्या अंगणात केला. एरवी असा प्रसंग मी आरशासमोर कितीदा रंगवला असता! सगळे जमलेत, मी मधोमध उभी, गुन्हेगाराकडे बोट. प्रत्यक्षात माझ्या हातात फक्त एक कागद होता. निमेशभाऊजी बोटीवरून आलेले, केसांत मीठ तसंच. मावशी उंबऱ्यावर, भाग्येश तिच्या मांडीवर. ताई कुंपणाबाहेर आईजवळ. ती आत येईना.

"टीएसएच म्हणजे मेंदूने गळ्यातल्या थायरॉइडला पाठवलेला निरोप," मी सुरुवात केली. "काम कर, असा. निरोप खूप झाले म्हणजे थायरॉइड काम करत नाही, असं डॉक्टर धरतात. पण ताईच्या रक्तात अँटिबॉडी त्या निरोपांना चिकटून बसल्यात. त्यांचे मोठाले गठ्ठे झालेत. ते धड पोचत नाहीत, लवकर संपतही नाहीत, नुसते साचून राहतात. भाऊजी, खाडीच्या चिखलात रुतलेल्या होड्या मोजल्या तर भरपूर भरतील. दर्यावर किती जातात?"

"एक पन नाय," भाऊजी म्हणाले.

"मशीनने त्या रुतलेल्या होड्या मोजल्या. मशीन खोटं बोललं नाही. ताईपण नाही. मुंबईच्या लॅबने रक्तात एक औषध घालून ते गठ्ठे तळाशी बसवले आणि वरचं मोजलं." मी कागद पुढे केला. "दोन पूर्णांक तीन. गोळी बंद असताना थायरॉइडचं कामही ठीक. ताईला आजार नव्हताच. त्याच अँटिबॉडी भाग्येशला पोटात मिळाल्या, म्हणून त्याचाही आकडा चढला आणि आपोआप उतरला. गोळीची गरज कधीच नव्हती."

"आनि बाळ?" मावशीने विचारलं. "मंग बाळ का गेलं?"

हाच प्रश्न ताईने मॅडमना विचारला होता. मॅडम म्हणाल्या होत्या, "नको असलेली गोळी जास्त झाली तर धोका वाढतो. पण गोळीनेच गेलं असं मी म्हणणार नाही. गोळीने नाहीच गेलं, असंही म्हणता येणार नाही." मी तेच शब्द सांगितले. त्यात काही घालायची माझी हिंमत नव्हती.

लाडकीमावशी उठली. भाग्येशला कडेवर घेऊन कुंपणापर्यंत गेली. माफी वगैरे तिच्याने होणार नव्हती. तिने फक्त पोर पुढे धरलं. "घे. तुझा हाय."

पंधरवडा म्हणजे दीड वर्षाच्या पोराला केवढा मोठा! भाग्येशने ताईकडे पाहिलं, तोंड वाकडं केलं आणि परत आजीच्या खांद्यात घुसला.

ताई हात पुढे करून तशीच उभी राहिली. "येईल," ती म्हणाली. "घाई नाय मला."

८

ताई सासरी परत गेली. भाग्येश तिसऱ्या दिवशी तिच्या कुशीत झोपला. सफाळ्याचे डॉक्टर रिपोर्ट दोनदा वाचून ताईला म्हणाले, "मी तुम्हाला खोटं ठरवलं. माझं चुकलं." गावात मला सगळे हुशार म्हणतात. शाळेत सरांनी टाळ्या वाजवायला लावल्या.

माझ्या वहीत मात्र एक पान कोरं होतं.

गजर मी काढला नव्हता. पावणेसहाला वाजला, 'ताईची गोळी', आणि सवयीने पाय तिकडेच वळले. घरातल्या बायका लिलावाला गेलेल्या, ताई एकटी चूल पेटवत होती. भाग्येश आत झोपलेला.

"काय हवालदार? आज काय तपासायचं?"

मी वही छातीशी धरून उभी राहिले. तिने माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. "आ कर," ती म्हणाली. "काय लपवलंयस?"

आणि मग मला रडू फुटलं.

"मे महिन्यात, ताई. तू ओकायचीस ना सकाळी. मला वाटायचं गोळी बाहेर पडली. मी लगेच दुसरी द्यायचे. जूनमध्येपण. तू एकदा म्हणालीस, नको, आज छाती फुटेल. मी म्हटलं, बाळासाठी घे. डॉक्टरांना विचारलं नाही, कुणालाच नाही. मला वाटलं, मी किती शहाणी! बाटली लवकर संपली ती माझ्यामुळे. पंढरीकाकांनी सांगितलं तेव्हाच मला कळलं. मी लिहिलं नाही. सगळ्यांसमोर बोलले, तेव्हापण नाही."

चुलीतलं लाकूड तडतडलं. ताईने ते आत सारलं.

"माहीत हाय मला," ती म्हणाली. "मी तिथंच व्हते ना, उने. गिळली तर मीच."

"मग तू कुणाला सांगितलं का नाहीस?"

"तुझं काय झालं असतं?"

तिने मला जवळ ओढलं नाही. चहाचं आधण ठेवलं, दोन कप काढले. एक माझ्यापुढे सरकवला तेव्हा तिचा हात थरथरत नव्हता, एवढंच मी पाहिलं. आत भाग्येश जागा झाला आणि त्याने हाक मारली. आईला मारली की आजीला, ते पहिल्यांदा कळलं नाही. ताई कप धरून तशीच थांबली, कान देऊन.

त्याने पुन्हा हाक मारली. ताई उठून आत गेली.

मी वही उघडली आणि ते कोरं पान लिहायला घेतलं.